थंडीचा पत्ता

सकाळी घर जागं व्हायच्या आधी मी कॉफीचं पाकीट उघडते, आधी वास घेते आणि मग दर वेळी तोच एक आकडा परत वाचते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात देश, मळा, कॉफीची जात, प्रोसेस असं सगळं असतं आणि त्यातच कुठेतरी उंची लिहिलेली असते. 1650 मी., 1850 मी., कधी थेट 2000 च्या वर. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी हा आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा वाचायचे, म्हणजे 1900 वालं पाकीट 1400 वाल्यापेक्षा भारी असणारच असं धरून चालायचे आणि पाकीट हातात आलं की उलटं करून आधी तेवढंच बघायचे. आता तो आकडा मला पत्त्यासारखा वाटतो. थंडीचा पत्ता. आणि हा पत्ता हळूहळू वर सरकत चाललाय हे कळल्यापासून ती गोष्ट डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज लिहायला बसले.

पहिल्यांदा अशी कॉफी प्यायले तेव्हा ती खराब झालीय असंच वाटलं होतं. कॉफी म्हणजे कडू, जरा जळकट, दूध-साखरेशिवाय घशाखाली न उतरणारी अशी जिभेला सवय, आणि कपात आलं काहीतरी पातळ, तांबूस, चांगलंच आंबट. जिने केली होती ती मैत्रीण म्हणाली, "अगं थांब जरा, गार होऊ दे." गरम पेय गार करून प्यायचं हे मला पटत नव्हतं पण थांबले. सात-आठ मिनिटांनी परत घोट घेतला तर आंबटपणा मऊ झाला होता आणि त्याच्या खालून गोडी वर आली होती, पिकलेल्या जर्दाळूची असते तशी, आणि गिळून झाल्यावरही फुलांचा एक हलका वास नाकात रेंगाळत राहिला. मी तिला तीनदा विचारलं, नक्की काही घातलं नाहीस ना? तिने पाकीट पुढे केलं. त्या दिवशी पहिल्यांदा उंचीचा आकडा वाचला.

मग वाचत गेले, विचारत गेले. अरेबिका हे मुळात इथिओपियाच्या नैऋत्येकडच्या डोंगरी जंगलातलं झाड, उंच झाडांच्या सावलीत वाढणारं. कधीतरी फार पूर्वी युजेनिऑइडिस आणि कॅनेफोरा ह्या कॉफीच्या दोन जातींचा निसर्गातच संकर झाला आणि त्यातून हे आलं, आणि कॅनेफोरा म्हणजे आपण जिला रोबस्टा म्हणतो तीच. अरेबिकाला वर्षाचं सरासरी तापमान 18 ते 22 अंश असं मानवतं. त्याहून गरम झालं की फळं घाईने पिकतात, फार गार झालं की झाड वाढायचं थांबतं. दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण 6 अंशांनी थंड होते, म्हणून विषुववृत्ताच्या आसपास हे हवामान शोधत दीड-दोन हजार मीटर चढावं लागतं. उंचीचं महत्त्व एवढंच. हवाई बेटांवर कोना भागात नावाजलेली कॉफी दोनशे ते नऊशे मीटरच्या पट्ट्यातच होते, कारण तो भाग विषुववृत्तापासून बराच उत्तरेला आहे, तिथे दुपारी ढग उतरतात आणि झाडाला हवा तो गारवा खालीच मिळतो. हे वाचलं आणि माझा मार्कांचा सगळा हिशोब कोसळला.

गारव्याने काय होतं ते मला समजलंय तसं सांगते. झाड दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि रात्री श्वास घेताना त्यातली थोडी खर्च करतं, रात्र थंड असली की हा खर्च कमी होतो. फळ पिकायला वेळ घेतं. खालच्या गरम भागात जे सहा-सात महिन्यांत उरकतं त्याला वर आठ, नऊ महिने लागतात, कधी जास्तही. नऊ महिने, बाळाला लागतात तेवढे! तेवढ्या वेळात आतली बी सावकाश भरत जाते, घट्ट होते. ग्वाटेमालात साधारण 1350 मीटरच्या वरच्या कॉफीला व्यापारात नावच पडलंय 'स्ट्रिक्टली हार्ड बीन', म्हणजे पक्की कडक बी. हिरव्या कच्च्या बिया मुठीत घेऊन हलवल्या तरी फरक कळतो, वरच्या बियांचा आवाज खड्यांसारखा येतो. रोस्ट करणारे लोक पण सांगतात की ह्या बियांना उष्णता जास्त द्यावी लागते, त्या लवकर दाद देत नाहीत.

पण थंडी फार झाली तरी घात होतो हे पण सांगायला हवं. जुलै 1975 मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात एका रात्रीत असा फ्रॉस्ट, म्हणजे झाड गोठवणारी थंडी, पडला की कॉफीचे मळेच्या मळे काळे पडले, त्याला तिथे 'काळा फ्रॉस्ट' म्हणतात, आणि ते राज्य कॉफीच्या बाबतीत परत कधी पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. म्हणजे हे झाड काही अंशांच्या एका पट्टीवर उभं आहे. खाली गरम, वर गोठण, मधल्या चिंचोळ्या जागेत आपली कॉफी.

अशा कॉफीला स्पेशॅल्टी म्हणतात, पण हा शब्द बराच सैल वापरला जातो म्हणून थोडक्यात. एर्ना नूटसेन नावाच्या कॉफी व्यापारातल्या बाईंनी 1974 मध्ये एका व्यापारी मासिकात तो वापरला, ठरावीक जागेच्या खास हवामानात तयार होणाऱ्या वेगळ्या चवीच्या कॉफीसाठी. पुढे शंभर गुणांची पद्धत आली, चव घेणारे प्रशिक्षित लोक 80 किंवा त्यावर गुण देतात ती स्पेशॅल्टी, शिवाय 350 ग्रॅम कच्च्या बियांच्या नमुन्यात एकही मोठा दोष चालत नाही. मी एकदा कपिंगला, म्हणजे अशा चव तपासायच्या बैठकीला, बसलेय, 150 मिली पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी, चार मिनिटांनी चमच्याने वर तरंगणाऱ्या कॉफीच्या चुऱ्याची साय मोडायची आणि नाक अगदी कपात घालायचं. सगळे जण सुर्रकन आवाज करत घोट ओढतात आणि कोणी बोलत नाही. फार सुंदर शांतता असते ती.

पण कॉफी मला खरी कळली ती मळ्यावर. ऐन तोडणीच्या दिवसांत मी एका डोंगरावरच्या मळ्यावर चार दिवस राहून आले. एक नवरा-बायको तो चालवतात, साधारण 1450 मीटरला मळा सुरू होतो आणि 1750 च्या आसपास कड्याच्या पायथ्याशी संपतो. पहाटे धुकं इतकं दाट की दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं, फक्त पानांवरून दव ठिबकल्याचा आवाज. मला वाटलं होतं ओळीत लावलेली झाडं, स्वच्छ रस्ते असं काहीतरी असेल, तर ते जंगलच होतं, खाली खांद्याएवढी कॉफी, वर इंगाची आणि सिल्व्हर ओकची झाडं, मध्ये केळी, पायाखाली वीतभर पालापाचोळा ज्यात बूट रुतत होता.

तोडणी करणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर एक गडद लाल रंगाची पट्टी होती. मला पण बांधली. ज्या एका वयस्क बाईंसोबत मला पाठवलं त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना, पण सगळं त्या पट्टीवरच चाललं. फळाजवळ मनगट न्यायचं, रंग जुळला तर तोडायचं, नाही तर सोडून द्यायचं. मी थोडं केशरी असलेलं एक फळ तोडलं तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, चिरडून जिभेला लावायला दिलं, मग एक गडद लाल दिलं. पहिलं हिरवट, तुरट. दुसऱ्याचा गर पातळ पण मधासारखा गोड. एकाच फांदीवर, एकाच झुपक्यात ही दोन्ही फळं, कारण पाऊस जसजसा येतो तसतशी फुलं टप्प्याटप्प्याने लागतात आणि फळंही तशीच पिकतात. म्हणून त्याच झाडाकडे हंगामात चार-पाच वेळा परत यावं लागतं. फांदी एकदाच ओरबाडली तर काम दिवसात होईल, पण मग कपात हिरवट तुरटपणा येणारच.

उतार एवढा होता की मी एका हाताने बुंधा धरून दुसऱ्या हाताने तोडत होते. त्या दोन्ही हातांनी तोडत होत्या, पाय कसे रोवले होते कोण जाणे. दुपारपर्यंत माझी सहा किलो फळं झाली. सराईत माणूस दिवसाला पन्नासच्या वर जातो. मग मी हिशोब केला, सहा किलो फळांतून साधारण एक किलो कच्ची कॉफी निघते, भाजल्यावर तिचे साडेआठशे ग्रॅम उरतात, कपाला पंधरा ग्रॅम धरले तर छप्पन कप. माझी आख्खी सकाळ, दुखणारी कंबर, चिकट काळी झालेली बोटं, छप्पन कप. तेव्हापासून माझ्या हातून कॉफी सांडत नाही.

आणि ह्या लोकांना पैसे कसे मिळतात हा प्रश्न चवीपासून वेगळा काढताच येत नाही, हे मला तिथे दिसलं. नुसत्या वजनावर मजुरी दिली तर माणूस कच्चं-पिकलं सगळं भरणारच, त्याला घर चालवायचंय. त्या मळ्यावर दिवसाची मजुरी ठरलेली होती आणि वर पिकल्या फळांच्या टक्क्यावर जास्तीचे पैसे. मालकीणबाई संध्याकाळी प्रत्येक टोपलीतून मूठभर फळं काढून मोजायच्या, वहीत लिहायच्या, आणि ज्याचं त्याला दाखवायच्या. पाकिटावर 'सस्टेनेबल' लिहिलेलं असतं तेव्हा मला आता पहिल्यांदा ती वही आठवते. जगात कॉफीचे अंदाजे सव्वा कोटी मळे आहेत, बहुतेक अगदी छोटे, आणि त्यांच्या मालाची किंमत मुख्यतः लांबच्या एक्स्चेंजवरच्या आकड्याला बांधलेली असते. 1989 पर्यंत कोणत्या देशाने किती कॉफी बाहेर विकायची ह्याचे आंतरराष्ट्रीय करारात कोटे होते, ते मोडले आणि भाव कोसळले, त्यानंतर शेतकऱ्याला भावाचा काही भरवसाच राहिला नाही. ज्याला पुढच्या वर्षीचं माहीत नाही तो दहा वर्षांनी सावली देणारं झाड कशाला लावेल?

सावलीच्या झाडांची गोष्ट तर मला मालकांच्या तोंडूनच कळली. ते लहान असताना त्यांच्या वडिलांनी मळ्यातली सगळी मोठी झाडं तोडली होती. 1970 मध्ये ब्राझीलमध्ये तांबेरा सापडला, तो रोग पानांवर नारिंगी पावडर आणतो आणि झाड उघडं करतो, ह्याच रोगाने 1869 पासून सिलोनची कॉफी संपवली आणि तिथे चहा आला. त्या भीतीने बऱ्याच देशांत सल्ला दिला गेला की सावली काढा, बुटक्या जाती दाट लावा, खत द्या, उन्हात उत्पादन दुप्पट घ्या. वडिलांनी ऐकलं. पहिली काही वर्षं भरपूर पीक आलं, त्या पैशांवर ह्यांचं शिक्षण झालं. मग माती धुपायला लागली, झाडं लवकर थकायला लागली, झरा उन्हाळ्यात आटायला लागला. वडिलांबद्दल त्यांच्या बोलण्यात जराही राग नव्हता, त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी मनापासून केलं, एवढंच ते दोनदा म्हणाले. आता गेली वीस-एक वर्षं ते स्वतः तीच झाडं परत लावतायत.

त्या झाडांखाली मी मुद्दाम थांबून बघितलं. उघड्या पायवाटेवरून सावलीत पाऊल टाकलं की गारवा अंगाला कळतो. कॉफीच्या पानांपाशी दोन-चार अंशांचा फरक पडतो, म्हणजे सावली ही एक प्रकारे उंचीच आहे, तीनशे ते साडेसहाशे मीटर वर चढल्यासारखं. कोस्टा रिकात झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सावलीतल्या झाडांची फळं जवळपास महिनाभर उशिरा पिकली आणि बी मोठी भरली. शिवाय पालापाचोळ्याने माती ओली राहते, शेंगवर्गीय झाडं जमिनीला नत्र देतात, आणि पक्षी येतात जे फळ पोखरणारा भुंगेरा खातात. पक्ष्यांसाठी स्मिथसोनियन संस्थेचं एक प्रमाणपत्र आहे, त्यात किमान 40 टक्के सावली लागते. ह्या मळ्याकडे ते नाहीये, त्याचा खर्च त्यांना झेपत नाही, पण पहाटे साडेपाचला जो कलकलाट व्हायचा त्यावरून मला कागदाची गरज वाटली नाही. सावलीत पीक कमी येतं हे मात्र खरं आहे आणि ते लपवू नये. कमी पिकाचे जास्त पैसे कोणीतरी दिले तरच हे गणित बसतं, आणि तो कोणीतरी म्हणजे शेवटी कप हातात धरलेला माणूस.

पाण्याचंही सांगते कारण त्याकडे फार कोणी बघत नाही. फळाची साल काढली की बीवर बुळबुळीत गोड थर राहतो, तो टाकीत आंबवून धुऊन काढतात, त्याला वॉश्ड प्रोसेस म्हणतात. ती स्वच्छ, टवटवीत चव त्यातूनच येते. पण जुन्या पद्धतीत सुकलेल्या एक किलो मालामागे चाळीस लिटरपर्यंत पाणी जायचं आणि ते साखर आणि गर मिसळलेलं पाणी ओढ्यात सोडलं की त्यातला प्राणवायू संपून मासे मरायचे. कोलंबियाच्या सेनिकाफे ह्या संशोधन केंद्राने असं यंत्र बनवलं की काम एखाद्या लिटरवर आलं. ह्या मळ्यावर छोटं यंत्र आहे, साली आणि गर गांडूळखताच्या वाफ्यात जातात, उरलेलं पाणी गाळाच्या खड्ड्यांतून फिरवून गवतावर सोडतात. मालकांनी मला ओढ्यापर्यंत नेऊन पाणी दाखवलं. स्वच्छ होतं, तळाचे गोटे दिसत होते. कॉफीपेक्षा त्या ओढ्याचा त्यांना जास्त अभिमान होता असं मला वाटलं.

शेवटच्या दिवशी आम्ही वर गेलो, मळ्याच्या अगदी टोकाला. वाटेत ते सांगत होते की त्यांच्या लहानपणी तांबेरा खालच्या मळ्यांचा रोग होता, इतक्या वर येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. 2012-13 मध्ये मध्य अमेरिकेत तो उंचावरच्या मळ्यांतही शिरला, लाखो लोकांचं काम गेलं, आणि ह्यांच्या मळ्यातही आता 1500 मीटरच्या खालच्या झाडांवर दर वर्षी नारिंगी ठिपके दिसतात. ऊब वर चढतेय, तिच्या मागे रोग आणि किडे. 2015 च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की 2050 पर्यंत कॉफीला योग्य अशी जगातली जमीन निम्म्यावर येईल. सोपं उत्तर वाटतं की मग मळा वर न्या. त्या टोकाला उभी राहिले तेव्हा कळलं की का नाही. डोंगर वर जाताना निमुळता होत जातो. खाली जो पट्टा शंभर एकरांचा तो वर दहा एकरांचा होतो, आणि जिथे मोकळी जागा आहे तिथे बहुतेक वेळा उरलंसुरलं जंगल असतं, जे तोडलं तर ओढाच आटेल. आमच्या समोर सरळ कडा होता. त्याच्या पायथ्याशी त्यांनी दोनशे रोपं प्रयोग म्हणून लावली होती, दहा-पंधरा वर्षांपूर्वी तिथे कॉफी थंडीने जगायची नाही. आता तरारून आली होती. त्यांनी एका रोपाचं पान उलटं करून तांबेरा आहे का बघितलं, नव्हता, मग दुसऱ्याचं बघितलं. आनंदाची गोष्ट आहे का असं मी विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, झाडं छान आलीयत.

तेव्हापासून 1650 हा आकडा वाचताना मला तो कडा दिसतो. एखाद्या मळ्याचा आकडा मोठा असला की पूर्वी आनंद व्हायचा, आता मी सावलीबद्दल काही लिहिलंय का ते शोधते, पाण्याचं, तोडणीचं काही लिहिलंय का. बऱ्याचदा नसतं. मग मी विकणाऱ्याला विचारते. ज्याला माहीत असतं तो लगेच बोलायला लागतो, आणि ज्याला माहीत नसतं त्यातले काही जण पुढच्या वेळी विचारून ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

घरी करताना मी फार काही करत नाही. पंधरा ग्रॅम, जरा बारीक दळून, कारण कडक बी लवकर सुटत नाही, 94 अंशांच्या आसपासचं पाणी, अडीचशे मिली, तीन मिनिटांत उतरते. आणि मग थांबते. गरम असताना नुसता वास घेते, कोमट झाली की पहिला घोट. ह्या मळ्याच्या कॉफीत मला संत्र्याची साल, गूळ आणि मागे पांढऱ्या फुलांसारखं काहीतरी लागतं. दुसऱ्या कोणाला आणखी काही लागेल. पण अगदी गार झाल्यावर तळाशी जो घोट राहतो, त्याची गोडी मला त्या बाईंनी दिलेल्या गडद लाल फळाच्या सगळ्यात जवळची वाटते.

गेल्या आठवड्यात मालकीणबाईंना मेसेज केला, यंदा कसं आहे म्हणून. कोरडा काळ लांबला होता आणि कॉफीच्या झाडाच्या कळ्या पावसाची वाट बघत तशाच थांबतात, पाऊस आला की आठ-दहा दिवसांत एकदम फुलतात, फूल दोन-तीन दिवसच टिकतं. मला काळजी होती. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग एक फोटो आला, धुक्यातला तो उतार, सगळ्या फांद्या पांढऱ्या. खाली लिहिलं होतं, पाऊस उशिरा आला पण आला. वरच्या दोनशे झाडांनाही पहिल्यांदाच फुलं आलीयत. मधमाश्यांचा आवाज घरापर्यंत येतोय.